काळी, पांढरी आणि कोळसा : वणी परिसरातील खाणींची एक हकिकत

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत गावाचे दोन भाग मानले जात : काळी आणि पांढरी. जिथे नांगर चालतो ती काळी. जिथे घरे, चावडी, देऊळ आणि पार उभा असतो ती पांढरी. माणसाचे सारे आयुष्य या दोहोंच्या येरझाऱ्यांत सरे. सकाळी पांढरीतून काळीकडे, सायंकाळी काळीकडून पांढरीकडे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आजही हे शब्द परके नाहीत. मात्र वऱ्हाडाच्या पूर्व टोकाला, वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या दुआबात, गेल्या पन्नास वर्षांत एक तिसराच भूभाग निर्माण झाला आहे. तो काळी नाही, पांढरीही नाही. त्याला जुन्या दप्तरात शब्द नाही.

वणीहून घुग्घुसच्या रस्त्याला लागले की हा तिसरा भूभाग दिसू लागतो. सपाट कपाशीच्या मुलखात अचानक डोंगर उभे राहतात. त्यांचे माथे चाकूने कापल्यासारखे सपाट असतात, उतार पायऱ्यापायऱ्यांचे असतात, आणि पाऊस झाला की त्यांच्या अंगावरून करड्या-पिवळ्या मातीचे ओघळ खाली येतात. हे डोंगर निसर्गाने केलेले नाहीत. खाणीतून उपसलेल्या माती-दगडांचे ते ढिगारे आहेत. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध शेतकऱ्याबरोबर मी या रस्त्याने गेलो होतो. एका ढिगाऱ्याकडे काठी रोखून ते आपले वावर कुठे होते ते दाखवू लागले. थोडा वेळ काठी डावीकडे-उजवीकडे फिरली आणि मग खाली आली. धुरा नाही, बाभूळ नाही, विहीर नाही, पांदण नाही. खूण कशाची धरावी? पैसे मिळाले होते, मुलाला नोकरीही लागली होती. तक्रार त्यांनी केली नाही. पण जमिनीचा पत्ता हरवला होता, आणि तो हरवणे म्हणजे काय हे त्यांच्या गप्प बसण्यावरून मला कळले.

या हरवलेल्या पत्त्याचा इतिहास लिहावा, असे तेव्हापासून मनात होते. खाण खणली गेली कशी, जमीन गेली कशी, ती पूर्ववत करण्याचे कायदे झाले कसे, आणि त्या कायद्यांनी नेमके काय साधले, असा हा क्रम आहे.

कापूस, आगगाडी आणि कोळसा

वणीच्या काळ्या मातीखाली कोळसा का आहे याचे उत्तर भूगर्भशास्त्र देते. अठ्ठावीस-एकोणतीस कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश दलदलींचा आणि दाट वनस्पतींचा होता. त्या वनस्पती नदीच्या गाळाखाली दडपल्या गेल्या आणि त्यांचा दगडी कोळसा झाला. ज्या खडकसमूहाला शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात त्याच्या ‘बराकर’ नावाच्या थरांत हा कोळसा आहे. वर्धेच्या खोऱ्याचे वैशिष्ट्य असे, की येथे कोळशाचा एक मुख्य आणि चांगला जाड थर सापडतो. त्याच्यावर कामठीचा वालुकाश्म, काही ठिकाणी त्यावर लाव्ह्याचा काळा पाषाण, आणि सर्वांत वर, माणसाच्या उंचीइतकी किंवा थोडी अधिक, कापसाची काळी माती. निसर्गाने कोट्यवधी वर्षांत रचलेली ही उतरंड आहे. तिचा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील सारी कथा तो क्रम उलटा होण्याची आहे.

१८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. इंग्रजांना वऱ्हाड हवा होता तो मुख्यतः कापसासाठी. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमरावती व खामगावच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली आगगाडी अकोला-बडनेरा मार्गे नागपूरला पोहोचली, आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने खामगावच्या फाट्याचे उद्घाटन केले. कापूस मुंबईला नेणाऱ्या या आगगाडीला कोळसा लागत असे. बंगालचा कोळसा दूर होता आणि विलायतेहून जहाजाने येणारा महाग पडे. म्हणून वर्धेच्या काठी कोळसा आहे, ही वार्ता सरकारला फार मोलाची वाटली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने या खोऱ्याची पाहणी केली, आणि टी. डब्ल्यू. एच. ह्यूज या भूवैज्ञानिकाचा वर्धा खोऱ्यातील कोळशावरील ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

वर्धा ही त्या काळी राज्यांची सीमा होती. नदीच्या पूर्वेस मध्य प्रांत, पश्चिमेस वऱ्हाड. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वेळी ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. ‘यवतमाळ’ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. पहिली मोठी खाण मात्र पूर्वेकडे, वरोऱ्याला निघाली. १८७० च्या दशकाच्या आरंभी सरकारने ती सुरू केली आणि त्याच दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत खास कोळशासाठी लोहमार्ग टाकला. ही खाण १९०६ मध्ये बंद झाली. तोवर बल्लारपूरला नवी खाण निघाली होती. पुढे वऱ्हाडच्या बाजूला राजूर येथेही भूमिगत खाण निघाली. चुन्याच्या भट्ट्या आणि कोळसा यांच्या आधाराने तेथे मजुरांची वस्ती वाढली. आजही लोक त्या गावाला ‘राजूर कॉलरी’ म्हणतात.

या पहिल्या कालखंडात जमीन पूर्ववत करण्याचा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही, आणि त्याला कारण होते. खाणी भूमिगत होत्या. विहिरीसारखा खड्डा खणून माणसे खाली उतरत, कोळसा वर काढीत, आणि डोक्यावर पऱ्हाटी फुलतच असे. कुठे जमीन खचे, कुठे भेग पडे, कुठे विहीर आटे. पण गावाची काळी बहुतांशी जागेवर राहत असे. त्या काळाचे दुःख जमिनीचे नव्हते, ते अंधारात राबणाऱ्या मजुराचे होते.

वरोऱ्याच्या बाबतीत मात्र इतिहासाने एक अर्थपूर्ण वळण घेतले. ज्या गावाजवळ या खोऱ्यातील पहिली मोठी खाण निघाली व संपली, त्याच गावाजवळ सरकारकडून मिळालेल्या खडकाळ, झुडपी जमिनीवर बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांसह १९५१ मध्ये आनंदवनाचा आरंभ केला. ती जमीन खाणीने उद्ध्वस्त केलेली नव्हती. परंतु टाकून दिलेली भूमी आणि टाकून दिलेली माणसे ही दोन्ही एकाच वेळी सावरता येतात, हे वरोऱ्याने दाखवून दिले. त्यासाठी यंत्रापेक्षा काळ आणि काळजी अधिक लागते, हेही दाखवले.

विहिरीकडून खड्ड्याकडे

दुसरा कालखंड राष्ट्रीयीकरणाचा. १९७३ मध्ये देशातील कोळशाच्या उर्वरित खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या. १९७५ मध्ये कोल इंडियाची स्थापना होऊन तिच्या छत्राखाली नागपूरला वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड, म्हणजे वृत्तपत्रांच्या भाषेत वेकोलि, ही कंपनी आली. खासगी मालकांच्या काळातील मजुरांची पिळवणूक थांबावी, कोळशाची उधळपट्टी थांबावी हा राष्ट्रीयीकरणामागचा हेतू होता, आणि कामगारांच्या वेतनात व सुरक्षिततेत सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे.

याच काळात खाणकामाची पद्धत पालटली. वीजनिर्मितीसाठी कोळशाची मागणी वाढत होती. कोराडी, चंद्रपूर, आणि अकोला जिल्ह्यातले पारस ही औष्णिक केंद्रे आपण सर्वांना परिचित आहेत. भूमिगत खाणीतून एवढा कोळसा वेगाने निघत नाही. म्हणून ‘उघडी खाण’ आली. उकणी, निलजई, जुनाड, कोलारपिंपरी, पिंपळगाव, घोन्सा, मुंगोली ही एके काळी केवळ गावांची नावे होती. आता ती खाणींची नावे झाली आहेत. आज देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा उघड्या खाणींतून येतो, आणि एकट्या वेकोलिने २०२३-२४ या वर्षी ६ कोटी टनांहून अधिक उत्पादन केले.

उघड्या खाणीत माणूस कोळशापर्यंत उतरत नाही. कोळशावरचे जगच उचलून बाजूला ठेवतो. प्रथम काळी माती खरवडली जाते. मग वालुकाश्मात छिद्रे पाडून सुरुंग लावले जातात. महाकाय फावडी तो दगड डंपरमध्ये भरतात आणि डंपर तो नेऊन ओततात. एक टन कोळशासाठी कित्येक घनमीटर माती-दगड हलवावे लागतात. फोडलेला दगड पोकळ होऊन अधिक जागा व्यापतो. म्हणून खड्डा भरण्याआधीच बाजूला डोंगर वाढतो. या उलथापालथीत निसर्गाची उतरंड उलटी होते. सर्वांत खालचा दगड सर्वांत वर येतो, आणि सर्वांत वरची काळी माती, जिच्या जोरावर वऱ्हाड वऱ्हाड आहे, ती काळजी न घेतल्यास कुठल्या तरी ढिगाऱ्याच्या तळाशी गाडली जाते.

यासाठी जमीन मिळवण्याचे साधन होते १९५७ चा कोळसाधारक क्षेत्र संपादन व विकास कायदा. त्याची रचना सरळ आहे. कलम ४ खाली सरकार जमिनीचा शोध घेण्याची सूचना काढते. कलम ७ खाली संपादनाचा मानस जाहीर होतो व हरकतींना मुदत मिळते. कलम ९ खाली घोषणा होते. आणि कलम ११ खाली ती जमीन सरकारी कंपनीकडे जाते. खाण संपल्यावर मूळ शेतकऱ्याला ती परत मागता यावी, अशी तरतूद या कायद्यात नाही. ज्यांनी तो केला त्यांच्या डोळ्यांपुढे नव्या राष्ट्राची भट्टी होती. खड्ड्याच्या पलीकडचा दिवस नव्हता.

मोबदल्याचा इतिहास मोठा आहे, पण त्याची रूपरेषा थोडक्यात देतो. आरंभी रक्कम अगदी अल्प असे आणि खरे आकर्षण नोकरीचे असे. पुढे दोन एकरांमागे एक नोकरी असे सूत्र स्थिरावले. दोन एकरांहून कमी असणाऱ्याने काय करावे, आणि ज्याच्या नावे सातबाराच नाही त्या शेतमजुराने, मेंढपाळाने, कोलाम कुटुंबाने काय करावे, हा प्रश्न त्या सूत्राबाहेर राहिला. २०१२ नंतर वेकोलिच्या क्षेत्रात पडीक, कोरडवाहू व ओलिताच्या जमिनीला अनुक्रमे एकरी ६, ८ व १० लाख रुपये असे दर आले. भूसंपादनाचा २०१३ चा नवा कायदा झाल्यावर त्यातील मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून कोळशाच्या जमिनींनाही लागू झाल्या. रक्कम वाढली, हे चांगले झाले. पण गेलेल्या जमिनीचे पुढे काय, हा प्रश्न मोबदल्याच्या आकड्याने सुटत नाही.

कायद्यांची चढण

पर्यावरणाचे नियमन आपल्याकडे एका दिवसात आले नाही. १९७४ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा झाला. खाणीतून उपसलेले पाणी नदीत सोडण्याआधी गाळ निवळू देणे बंधनकारक झाले. १९८० मध्ये वनसंरक्षण कायदा आला आणि वनजमिनीवर खाण काढण्यास केंद्राची अनुमती आवश्यक झाली. १९८१ मध्ये वायुप्रदूषणाचा, आणि भोपाळच्या भीषण दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा झाला. २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने मोठ्या खाणींना पर्यावरणीय परिणामांचा पूर्वअभ्यास सक्तीचा केला, आणि १९९७ मध्ये त्यात जनसुनावणीची भर पडली.

या जनसुनावणीचे महत्त्व इतिहासाच्या दृष्टीने मोठे आहे. १९५७ च्या कायद्यात शेतकरी ‘हितसंबंधी व्यक्ती’ म्हणून केवळ आपल्या मालकीविषयी हरकत घेऊ शकत होता. १९९७ नंतर गावकरी, मालक असो वा नसो, माझ्या विहिरीचे काय, माझ्या नाल्याचे काय, सुरुंगाने तडकणाऱ्या माझ्या भिंतीचे काय, असे उभे राहून विचारू शकला. काळीचा प्रश्न मालकाचा असतो. पांढरीचा प्रश्न सर्वांचा असतो. जनसुनावणीने पांढरीला वाचा दिली. २००६ च्या नव्या अधिसूचनेत ती कायम राहिली. पुढे चालू खाणींच्या विस्तारासाठी मात्र त्यात वेळोवेळी सवलती देण्यात आल्या, हेही नोंदवले पाहिजे.

२००९ हे वर्ष या खोऱ्याच्या इतिहासात दोनदा लिहिले जाईल. त्या वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूरचा निर्देशांक ८३.८८ इतका भरला आणि ते देशातील पहिल्या चार अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले गेले. २०१० च्या आरंभी अशा क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांवर तात्पुरती बंदीही आली. आणि त्याच २००९ च्या ऑगस्टमध्ये कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. खाण उघडण्याआधीच ती बंद कशी करणार याचा आराखडा द्यावा लागेल, असे प्रथमच ठरले. त्यासाठी उघड्या खाणीला दर हेक्टरी ६ लाख रुपये, त्या वर्षीच्या किमतीने, एका राखीव खात्यात हप्त्याहप्त्याने ठेवणे आवश्यक झाले. कंपनीने काम केले तर पैसे परत. न केले तर त्या पैशातून काम. वरोऱ्याची खाण सुरू झाल्यावर हा विचार कागदावर यायला जवळजवळ एकशे चाळीस वर्षे लागली.

त्याची गरज किती होती हे लवकरच दिसले. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी व इतर कंपन्यांना दिलेले २१४ कोळसापट्टे रद्द केले. त्यांत झरी-जामणी तालुक्यातील मार्की-मांगलीचे पट्टेही होते. वाटपातील गैर रद्द झाले हे न्यायाचेच होते. पण अर्धा खणलेला खड्डा न्यायालयाच्या आदेशाने भरून येत नाही. मालक बदलतो, परवाना बदलतो, खड्डा तेथेच असतो. म्हणून भूमीचे ऋण मालकाच्या नावावर नव्हे, खड्ड्याच्या नावावर लिहिलेले असावे लागते. राखीव खात्यामागचे तत्त्व हेच आहे.

हिरवे दिसणे आणि पिकणे

जमीन पूर्ववत करणे म्हणजे प्रत्यक्षात काय? काम दोन टप्प्यांचे आहे. पहिला टप्पा यंत्राचा : खड्डा भरणे, ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांहून अधिक तीव्र न ठेवणे, पायऱ्या पाडणे, पायथ्याशी दगडी भिंत बांधणे, सभोवती चर खणून गढूळ पाणी निवळणाऱ्या टाक्यांकडे वळवणे. दुसरा टप्पा सजीवांचा : वर माती पसरणे, गवत व झाडे लावणे, आणि त्या निर्जीव भुशात पुन्हा प्राण भरणे.

दुसरा टप्पा कठीण आहे, कारण माती ही वस्तू नसून वस्ती आहे. मूठभर काळ्या मातीत असंख्य जिवाणू, बुरश्या आणि किडे नांदत असतात. ती माती उंच ढीग करून वर्षानुवर्षे ठेवली तर हवा न मिळाल्याने आतील जीवन संपते. मग ती माती म्हणून परत येत नाही, केवळ चिखल म्हणून येते. म्हणून ती कमी उंचीच्या ढिगात, गवताखाली आणि थोडाच काळ ठेवावी असे शास्त्र सांगते. या क्षेत्रात आपल्या विदर्भानेच मोलाचे काम केले आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, आशा जुवारकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून ढिगाऱ्यांवर वनस्पती वाढवण्याची एक पद्धत सिद्ध केली. साखर कारखान्यातील मळी ढिगाऱ्यात मिसळायची. रोपांच्या मुळांशी नत्र धरून ठेवणारे जिवाणू आणि मुळांना अन्नपाणी पुरवणारी बुरशी सोडायची. गुमगावच्या मँगनीज खाणीवर आणि चंद्रपूरजवळच्या पद्मापूरच्या कोळसा खाणीवर हे प्रयोग झाले, आणि उजाड ढिगाऱ्यांवर साग, शिसव, आवळा, बांबू यांसारखी झाडे वाढू शकतात हे सिद्ध झाले.

२००८ पासून कोल इंडियाच्या मोठ्या उघड्या खाणींवरील पुनर्भरणाची व हिरवाईची मोजणी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दरवर्षी होते. लहान खाणींची दर तीन वर्षांनी. ही उत्तम व्यवस्था आहे. ढिगाऱ्यांतून वाळू वेगळी करून विकण्याचे, आणि सावनेरसारख्या ठिकाणी खाणीजवळ उद्यान करण्याचे उपक्रमही वेकोलिने केले आहेत. हे सारे मनापासून नोंदवून एक गोष्ट सांगितली पाहिजे. उपग्रहाला हिरवा रंग दिसतो. तो हिरवा रंग सुबाभळीचा आहे, रानटी झुडपांचा आहे की तुरीचा आहे, याने शेतकऱ्याला फरक पडतो. झाडे लावणे आणि शेत परत उभे करणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम आपण बऱ्यापैकी शिकलो. दुसरे फारसे हाती घेतलेलेच नाही.

पाण्याचा प्रश्नही तसाच. खाण कोरडी ठेवण्यासाठी पाणी अखंड उपसले जाते आणि भोवतालच्या विहिरींची पातळी खाली जाते. नाल्यांची वळणे बदलतात. २०२२ च्या पावसाळ्यात वर्धा-पैनगंगेच्या पुरांनी वणी व चंद्रपूर परिसरात हाहाकार केला, तेव्हा नदीकाठच्या ढिगाऱ्यांनी पुराची वाट अडवली काय, असा प्रश्न गावोगाव विचारला गेला. पूर अतिवृष्टीचा होता, हे खरे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या पुराला पसरायला जी सखल काळी मोकळी होती ती आता मोकळी नाही, हेही डोळ्यांना दिसते.

इतरांनी काय केले

अन्य देशांनी हाच प्रश्न कसा हाताळला, हे पाहणे बोधप्रद आहे. अमेरिकेत ३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी उघड्या खाणींविषयीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील सुपीक शेतजमिनीविषयीची कलमे वऱ्हाडाने वाचावीत अशी आहेत. मातीचे वरचे व खालचे थर वेगवेगळे उचलायचे, वेगवेगळे साठवायचे, त्याच क्रमाने परत पसरायचे. आणि त्या जमिनीने शेजारच्या अखंड जमिनीइतके पीक देऊन दाखवल्याखेरीज कंपनीची अनामत सोडायची नाही. येथे हिरवा रंग पुरावा नाही. धान्य हा पुरावा आहे. तिकडेही पळवाटा निघाल्या, दिवाळखोर कंपन्यांनी खड्डे टाकून दिले. पण मोजमापाचे माप बरोबर होते.

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेस तपकिरी कोळशाच्या विशाल उघड्या खाणी आहेत. तेथील वरची माती अत्यंत सुपीक. ती जपून ठेवून, भरलेल्या खड्ड्यावर दोन मीटर जाडीचा थर देऊन, आरंभीची काही वर्षे लसूणघास लावून, शेते पुन्हा शेतकऱ्यांच्या ताब्यात देण्याची पद्धत तेथे रुळली आहे. मात्र काळी परत मिळाली तरी पांढरी परत मिळत नाही. इमेराथ या गावातले संत लँबर्ट यांचे दोन मनोऱ्यांचे दगडी चर्च १८९१ मध्ये पूर्ण झाले होते. गार्झवाइलरच्या खाणीसाठी गाव हलवले गेले. २०१३ मध्ये तेथे अखेरचा मिस्सा झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये यंत्रांनी ते मंदिर पाडले. गावकऱ्यांना नवे गाव मिळाले, नवे लहान प्रार्थनामंदिरही मिळाले. ज्या दगडांखाली पिढ्यानुपिढ्यांचे बाप्तिस्मे व विवाह झाले ते दगड मात्र पुन्हा मिळाले नाहीत. वर्धेच्या काठी ज्यांचा मारुती आणि ज्यांचा पार उठला, त्यांचे दुःख समजण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. पण ते दुःख मागासलेपणाचे नाही, हे इमेराथवरून कळावे.

गवताचा हक्क

शेवटी मूळ प्रश्नाकडे येतो. खाण संपल्यावर जमीन कोणाची?

वऱ्हाडात या प्रश्नाला एक खास ऐतिहासिक धार आहे. वर्धेच्या पूर्वेस मध्य प्रांतात मालगुजारी होती. गावाचा मालक मालगुजार. पश्चिमेस वऱ्हाडात मुंबई प्रांताच्या धर्तीवर रयतवारी झाली. १८६० च्या दशकापासून प्रत्येक शेत मोजले गेले, त्याला सर्वे क्रमांक मिळाला, आणि कसणाऱ्याचे नाव सरकारी दप्तरात स्वतंत्रपणे चढले. त्या क्रमांकाने वऱ्हाडी शेतकऱ्याला ओळख दिली. खाणीने जमीन नेली तेव्हा केवळ माती गेली नाही. सर्वे क्रमांकात साठवलेली ही ओळख गेली. माझ्या सोबतीच्या वृद्धाची काठी हवेत तोच क्रमांक शोधत होती.

१३ एप्रिल २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा काढून संपलेल्या जमिनींच्या वापराचे धोरण मंजूर केले. अशा जमिनी पायाभूत सुविधा, सौरऊर्जा, कोळशाशी निगडित उद्योग, प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन अशा कामांसाठी भाडेपट्ट्याने देता येतील. मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच राहील. पडून राहण्यापेक्षा उपयोग होणे बरे, यात शंका नाही. पण ज्याच्याकडून ‘सार्वजनिक हितासाठी’ काळी घेतली, त्याला ते हित पूर्ण झाल्यावर निदान पहिला विचारणा-हक्क असावा, ही मागणी अवाजवी नाही. सर्वत्र ते शक्य होणार नाही. जेथे अखेरचा खड्डा पाण्याने भरून तळे झाले, तेथे शेत परत मिळणार नाही. तेथे मासेमारीचा वा ओलिताचा हक्क त्याच गावांना देता येईल. जेथे भरलेल्या जमिनीवर काळी माती टाकणे शक्य आहे, तेथे ती आधीपासून जपून ठेवून शेत उभे करता येईल. आणि जेथे काहीच पिकणार नाही, तेथे निदान गवत.

गवत हा शब्द येथे सहज आलेला नाही. वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी जुलै १९३० मध्ये पुसदजवळ राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगवास पत्करला. वऱ्हाडातील गुराढोरांच्या चाऱ्यावर सरकारचा नव्हे, गावाचा हक्क आहे, असे ते विळ्याने सांगत होते. त्यानंतर नव्वद वर्षांनी, ८ जानेवारी २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की खाणकाम संपल्यावर त्या जागी पुन्हा गवत उगवले पाहिजे, गुरांना व वन्य प्राण्यांना चारा मिळाला पाहिजे, आणि ही अट खाणपट्ट्यातच घातली पाहिजे. एकाच भूमीच्या इतिहासात गवताला दोनदा न्याय मागावा लागला. पहिल्यांदा ते होते आणि कापू दिले जात नव्हते. दुसऱ्यांदा कापायला ते उरलेलेच नव्हते.

अमरावतीला नांदगाव पेठेच्या आणि अकोल्याला पारसच्या धुराड्यांकडे पाहताना आपण विजेचा विचार करतो. तो केलाच पाहिजे, कारण आपल्या घरातला दिवा, दवाखान्यातली यंत्रे, शेतातला पंप, सारे त्यावर चालते. कोळसा वाईट आणि शेत चांगले, असा सोपा निवाडा करण्याचा अधिकार विजेच्या प्रकाशात हा लेख लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. म्हणूनच खड्ड्याचे ऋण केवळ कंपनीचे नाही, ते दिवा लावणाऱ्या प्रत्येकाचे आहे. उसनी घेतलेली वस्तू जशी घेतली तशी परत करावी, हे आपल्या पांढरीत लहान मुलालाही शिकवले जाते. जमीन उसनीच घेतलेली असते.

परतीच्या वाटेवर त्या वृद्धांनी एका उतारावर एस.टी. थांबली असता खिडकीतून बाहेर पाहिले. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी कोणाची तरी दोन जनावरे चरत होती. पहिल्या पावसाने थोडे कुंदा गवत उगवले होते. ते म्हणाले काही नाही. पण गाडी सुटेपर्यंत त्यांची नजर तेथून हलली नाही.